‘सिद्ध झाले आहे’ या वाक्यापासून: दुसऱ्या प्रकरणाच्या प्रकल्प नोंदी

१० जून

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण, ‘संबंधित साहित्याचा आढावा’, मार्गदर्शक मॅडमकडून परत आलं. २८ पानांपैकी पहिल्या पानावर पेन्सिलीनं एकच वाक्य अधोरेखित केलेलं आहे. ते माझं प्रकरणातलं पहिलंच वाक्य:

“हाताने लिहिलेल्या टिपणांमुळेच विषयाचे आकलन अधिक होते, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.”

समासात तीन प्रश्न: कोणी केलं? कुणावर केलं? किती वेळानं तपासलं? आणि ‘मुळेच’मधल्या ‘च’भोवती गोल.

भेटीत त्या म्हणाल्या, “तुझं वाचन भरपूर आहे, ते दिसतं. पण या २८ पानांत तू कुठे आहेस? अमक्यानं असं म्हटलं, तमक्यानं तसं म्हटलं. त्यातलं तुला काय पटलं, काय पटलं नाही आणि का, ते मला वाचायचं आहे.” मला वाटत होतं की आढाव्यात स्वतःचं मत आणायचं नसतं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, “मत आणू नकोस. पारख आण.”

प्रबंधाचा विषय साधा आहे: व्याख्यान ऐकताना विद्यार्थी टिपणं हातानं काढतात की लॅपटॉपवर, आणि त्याचा आकलनाशी काय संबंध. या प्रकरणासाठी साधारण दहा आठवडे हातात आहेत. आजपासून ही नोंदवही. रोज किती शब्द झाले हे इथे लिहिणार नाही. कोणतं वाक्य बदललं आणि कशामुळे बदललं, एवढंच लिहीन.

१२ जून

कोणतीही दुरुस्ती न करता पूर्ण प्रकरण छापून वाचलं. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य पिवळं केलं. ३४ परिच्छेदांपैकी २३ ‘अमुक (वर्ष) यांनी’ असे सुरू होतात. परिच्छेदांचा क्रम बदलून पाहिला, सातवा उचलून विसाव्याच्या जागी ठेवला, तर कुठेही काही बिघडत नाही. युक्तिवाद असता तर बिघडलं असतं.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. ‘सिद्ध केले’ ११ वेळा, ‘स्पष्ट केले’ १४ वेळा. ‘सुचवले’ फक्त एकदा. ‘असे मानले जाते’ ६ वेळा, आणि त्या सहाही ठिकाणी कोण मानतं याचा पत्ता नाही.

१५ जून

प्रस्तावनेच्या दुसऱ्या परिच्छेदात मी टक्केवारी दिली होती: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि असंच वर चढत जाणारं. खाली संदर्भ एडगर डेल यांचा. हा संदर्भ मी एका पाठ्यपुस्तकातून घेतला होता. मूळ पाहिलं नव्हतं.

आज पाहिलं. डेल यांचा ‘अनुभवांचा शंकू’ १९४६ मधला आहे. दृक्श्राव्य साधनांचं वर्गीकरण दाखवणारी ती आकृती. खाली प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द. मूर्ताकडून अमूर्ताकडे अशी ती रचना आहे. तिच्यात एकही टक्का नाही. लक्षात राहण्याबद्दलचे आकडे नंतर कुणीतरी तिला जोडले आणि आकृती व आकडे मिळून एकाच नावावर फिरत राहिले. आकृती अक्षरशः घेऊ नये असा इशारा डेल यांनी स्वतःच दिलेला होता.

शंका तर आकडे पाहूनच यायला हवी होती. माणसाच्या स्मरणाचं मोजमाप बरोबर दहा-दहाच्या पायऱ्यांनी कसं येईल? कोणता मजकूर, कोणती माणसं, किती दिवसांनी विचारलं? मॅडमचे तेच तीन प्रश्न इथेही लागू पडतात आणि एकाचंही उत्तर मिळत नाही.

परिच्छेद काढून टाकला. दीड पान गेलं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, ‘सांगोवांगी’. प्रकरणातल्या प्रत्येक संदर्भापुढे आता पेन्सिलीनं ‘मू’ किंवा ‘सां’ लिहायला घेतलं आहे: मूळ पाहिलेले आणि सांगोवांगी. संध्याकाळपर्यंत ५२ संदर्भांपैकी १९ पुढे ‘सां’ पडलं.

२० जून

चार दिवस एकाच लेखावर. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर, २०१४. टिपणांच्या विषयात सगळे ज्याचा हवाला देतात तो हाच, आणि माझं पहिलं वाक्यही यावरच उभं आहे. मी त्याचा सारांश वाचला होता आणि चर्चेचा भाग चाळला होता.

या वेळी एस. केशव यांनी २००७ मध्ये सुचवलेल्या तीन फेऱ्यांच्या पद्धतीनं वाचला. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, उपशीर्षकं आणि निष्कर्ष. दुसऱ्या फेरीत तासाभरात आकृत्या आणि तक्ते नीट पाहत, सिद्धतेच्या तपशिलात न अडकता. तिसऱ्या फेरीत लेख आपणच लिहितो आहोत असं समजून, प्रत्येक गृहीतकाला अडवत. नवख्याला तिसऱ्या फेरीला चार-पाच तास लागतात असं ते म्हणतात. मला दोन दिवस लागले, कारण संख्याशास्त्राचा भाग मला दोनदा शिकावा लागला.

तिसऱ्या फेरीत जे हाती आलं ते सविस्तर लिहून ठेवते, कारण माझं सगळं प्रकरण यामुळे हललं आहे.

लेखात एक नाही, तीन प्रयोग आहेत. पहिल्यात प्रिन्स्टन विद्यापीठाचे ६७ विद्यार्थी. त्यांना टेड व्याख्यानांच्या चित्रफिती दाखवल्या, मध्ये साधारण अर्धा तास दुसरी कामं दिली आणि मग प्रश्न विचारले. प्रश्न दोन प्रकारचे होते: नुसती माहिती आठवायची आणि संकल्पना लावून पाहायची. माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. संकल्पनेच्या प्रश्नांत हातानं लिहिणारे पुढे होते. माझ्या वाक्यात हा भेद कुठेच नव्हता. ‘आकलन’ या एका शब्दात मी दोन्ही कोंबले होते.

पुढे, लॅपटॉपवाल्यांची टिपणं व्याख्यात्याच्या शब्दांशी जास्त जुळत होती. लागोपाठच्या तीन-तीन शब्दांचे तुकडे जुळवून ते मोजलं आहे: लॅपटॉपवर १४.६ टक्के, हातानं ८.८. लेखकांचं स्पष्टीकरण असं की टंकन वेगवान असल्यामुळे माणूस ऐकेल तसं उतरवतो, हात मंद असल्यामुळे निवड करावी लागते आणि निवडताना विचार होतो. हे स्पष्टीकरण इतकं पटण्यासारखं आहे की मी तोच निष्कर्ष समजून बसले होते. मोजलेली गोष्ट आणि तिचं कारण म्हणून सुचवलेली गोष्ट यांत अंतर आहे, आणि ते अंतर मूळ लेखात दिसतं. माझ्या सारांशात ते पुसलं गेलं होतं.

दुसऱ्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांच्या एका गटाला स्पष्ट सांगितलं की शब्दशः उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. तरी ते शब्दशःच लिहीत राहिले. तिसऱ्यात एका आठवड्यानं चाचणी घेतली आणि काहींना आधी टिपणं वाचायला वेळ दिला. म्हणजे ‘किती वेळानं तपासलं?’ या प्रश्नाला एकाच लेखात दोन वेगळी उत्तरं आहेत.

पहिलं वाक्य आता असं:

“म्युलर आणि ओपनहायमर (२०१४) यांच्या प्रयोगांत हाताने टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांची संकल्पनात्मक प्रश्नांतील कामगिरी सरस आढळली, पहिल्या प्रयोगात माहितीपर प्रश्नांत मात्र दोन गटांत फरक आढळला नाही.”

लांबलं आहे. पण यातल्या प्रत्येक शब्दाकडे मला बोट दाखवता येतं.

२१ जून

आणखी ‘सां’ संदर्भ शोधले. सहा मिळाले, दोन सोडून दिले.

२७ जून

आठवडाभर फक्त क्रियापदं. मॅडमनी सांगितलं होतं, “इतरांच्या कामाबद्दल बोलताना तू वापरतेस ती क्रियापदं एका कागदावर उतरत्या क्रमानं मांड.” मला आधी हा भाषेचा सराव वाटला. पण ‘दाखवले’ आणि ‘सूचित केले’ यांतलं एक निवडायला बसले की दर वेळी मूळ लेख पुन्हा उघडावा लागतो, नमुना पाहावा लागतो, लेखक स्वतः किती ठामपणे बोलले आहेत ते पाहावं लागतं. म्हणून आठवडा गेला.

माझी उतरंड सध्या अशी आहे. ‘सिद्ध केले’ हे गणिताच्या सिद्धतेसाठी राखून ठेवलं, माझ्या विषयात ते कुठेही लागणार नाही. मग ‘दाखवून दिले’: वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या नमुन्यांवर, तेच पुन्हा मिळवलं असेल तर. ‘आढळले’: या एका अभ्यासात असं दिसलं, एवढंच. ‘सूचित होते’: आकडे त्या दिशेला झुकतात, पण दुसरं कारणही असू शकतं. ‘असे प्रतिपादन केले’: हा लेखकाचा युक्तिवाद आहे, पुरावा वेगळा तपासावा लागेल. ‘असा दावा केला’ मात्र जपून वापरायला हवं. त्यात अविश्वासाची छटा आहे, आणि ती छटा आपण कारण न देता वापरली तर वाचकाच्या मनात लेखकाविषयी नकळत संशय पेरला जातो.

मराठीची स्वतःची काही हत्यारं यात फार उपयोगी पडली आणि काही फार धोक्याची निघाली.

पहिलं ‘च’. एक अक्षर, पण ‘यामुळे’चं ‘यामुळेच’ झालं की इतर सगळी कारणं बाहेर काढली जातात. प्रकरणात ‘च’ शोधून काढले. ४७ सापडले. त्यांतल्या प्रत्येकापुढे प्रश्न: बाकीची कारणं मी खरोखर तपासून वगळली आहेत का? पाच ठिकाणी उत्तर होय आलं. बाकीचे ४२ गेले.

दुसरं कर्मणी. ‘असे मानले जाते’, ‘असे दिसून आले आहे’. वाक्य भारदस्त होतं आणि कर्ता गायब होतो. मी प्रत्येक ठिकाणी कर्ता परत आणून बसवला. सहापैकी चार ठिकाणी कर्ता सापडलाच नाही, म्हणून ती वाक्यं पुसली. एका ठिकाणी कर्ता मीच होते.

तिसरं, बोलण्यातलं ‘म्हणे’. “तो आजारी आहे म्हणे.” एवढ्याशा शब्दानं आपण सांगून मोकळे होतो की हे ऐकीव आहे, खात्री आमची नाही. बोलताना आपण इतके सावध असतो आणि प्रबंध लिहायला बसलो की तीच सावधगिरी अपुरी, अशोभनीय वाटते. प्रबंधात ‘म्हणे’ लिहिता येणार नाही, पण मनात प्रत्येक वाक्याला ते लावून पाहते. “हाताने लिहिल्याने स्मरण वाढते म्हणे.” वाक्याला ‘म्हणे’ सहज चिकटलं की समजायचं, पुरावा अजून हातात नाही.

उलट दिशेची चूकही झाली. सावधपणाच्या भरात एक वाक्य असं झालं: “यावरून असे कदाचित सूचित होत असावे असे म्हणता येऊ शकेल.” एकमेकांचे मसुदे वाचणाऱ्या आमच्या लेखनगटातल्या मैत्रिणीनं शेजारी लिहिलं, “चार वेळा माघार. म्हणायचंय का नाही?” शंका एकदाच आणि योग्य जागी यायला हवी. ‘सूचित होते’ एवढं ठेवलं.

३ जुलै

हेदर अरी आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा लेख मिळाला. म्युलर-ओपनहायमर यांच्या पहिल्या प्रयोगाची थेट पुनरावृत्ती: ७४ जण लॅपटॉपवर, ६८ जण हातानं. लॅपटॉपवर शब्द जास्त आणि शब्दशः उतारा जास्त, हे पुन्हा तसंच मिळालं. पण चाचणीच्या गुणांत हातानं लिहिणाऱ्यांची आघाडी मिळाली नाही. तशाच आठ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तरी चित्र तेच.

त्याआधीचा, २०१९ चा, मोअरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांचा अभ्यासही काढला. त्यांनी एक गट असा ठेवला होता ज्यानं टिपणं काढलीच नाहीत. गटांच्या कामगिरीत सातत्यानं फरक दिसला नाही, आणि यात टिपणं न काढणारेही आले. हे वाचून मी बराच वेळ थांबले. हातानं की लॅपटॉपवर, यावर एवढे दिवस घालवताना ‘टिपणं काढल्यानं त्या क्षणी काही शिकलं जातं का’ हा आधीचा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

रात्री जोरात लिहून काढलं. चार पानं. “हस्तलिखित टिपणांचे श्रेष्ठत्व हा एक गैरसमज असून तो आता खोडला गेला आहे.” मॅडमना पाठवलं.

५ जुलै

मॅडमचं उत्तर आलं. दोन ओळी: “आधी डाव्या बाजूला कललेली होतीस, आता उजव्या. वाद, जल्प, वितंडा यांतला फरक काढून ये.”

काढला. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे हे तीन प्रकार दिले आहेत. वाद म्हणजे दोन्ही पक्षांनी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, तत्त्व कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प जिंकण्यासाठी असतो, त्यात छलही (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम वेगळा अर्थ काढणं) चालतो. वितंडेत स्वतःचा कोणताच पक्ष मांडायचा नसतो, समोरच्याचा फक्त खोडायचा असतो. रोजच्या बोलण्यात आपण ‘वितंडवाद’ म्हणतो तो इथून आला.

माझी चार पानं वितंडा होती. २०१४ चं खोडलं, पण मग टिपणांबद्दल काय मानायचं ते कुठेच म्हटलं नाही.

याच परंपरेतली दुसरी गोष्ट मला प्रकरणाच्या रचनेसाठी थेट उपयोगी पडते: पूर्वपक्ष. आपला सिद्धान्त मांडण्याआधी विरुद्ध पक्ष मांडायचा, आणि तो त्याच्या कैवाऱ्यालाही मान्य होईल इतक्या ताकदीनं. म्हणून आज नियम केला की ज्या अभ्यासावर टीका करायची त्याच्या बाजूनं आधी एक पूर्ण परिच्छेद लिहायचा, टीका दुसऱ्या दिवशी.

२०१४ च्या बाजूनं लिहायला बसले तेव्हा दिसलं की २०२१ ची पुनरावृत्ती फक्त पहिल्या प्रयोगाची आहे. तिथे टिपणं पुन्हा वाचायला वेळच दिला नव्हता. तिसऱ्या, आठवड्यानंतरच्या प्रयोगाला तिनं हातच लावलेला नाही. अरी आणि सहकाऱ्यांचा निष्कर्षही नेमका तेवढाच आहे: तात्काळ शिकण्यापुरता. ‘खोडला गेला आहे’ हे त्यांचं नव्हतं. ते मी जोडलं होतं.

१२ जुलै

मोठा तक्ता केला. आडव्या ओळींत अभ्यास, उभ्या रकान्यांत: नमुना, साहित्य, टिपणांचा प्रकार, टिपणं पुन्हा वाचायला मिळाली का, चाचणी किती वेळानं, प्रश्न कोणत्या प्रकारचे, काय आढळलं, आणि शेवटी ‘मला काय वाटतं’. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जड गेला, पण प्रकरण त्यातून तयार होतं आहे.

याच आठवड्यात फ्लॅनिगन आणि सहकाऱ्यांचं २०२४ चं एकत्रित विश्लेषण हाती आलं. २४ अभ्यास. त्यात कल पुन्हा हाताच्या बाजूला: हस्तलिखित टिपणं काढणाऱ्यांची कामगिरी सरस, परिणामाचा आकार (दोन गटांतला फरक किती मोठा, ते सांगणारा आकडा) सुमारे ०.२५, म्हणजे लहान. टंकन करणाऱ्यांची टिपणं मात्र कितीतरी मोठी.

तीन आठवड्यांपूर्वी हे वाचलं असतं तर मी पहिलं वाक्य जुनं करून ठेवलं असतं. आता तसं करवत नाही. आठ अभ्यास एकत्र केले तर एक चित्र, २४ केले तर दुसरं. मग प्रश्न असा होतो की कोणते अभ्यास आत घेतले, कोणते बाहेर ठेवले, आणि दोन संचांतले अभ्यास एकाच गोष्टीबद्दल बोलतात का?

तक्त्याचा ‘पुन्हा वाचायला मिळाली का’ हा रकाना पाहताना डि वेस्टा आणि ग्रे यांचा १९७२ चा लेख आठवला. तो माझ्या जुन्या मसुद्यात ‘जुने संशोधन’ या शीर्षकाखाली दोन ओळींत गुंडाळलेला होता. त्यांनी टिपणांची दोन कामं वेगळी केली होती. एक, लिहिता लिहिता मनात होणारी मांडणी. दुसरं, नंतर वाचण्यासाठीचा साठा. माझे सगळे अभ्यास या दोन कप्प्यांत टाकून पाहिले आणि अर्धी भांडणं मिटली. एकमेकांविरुद्ध वाटणारे काही लेख मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

प्रकरणाची नवी रचना ठरली. लेखकांच्या नावांनी परिच्छेद नाहीत, वर्षांचा क्रमही नाही. प्रश्नांनी भाग: लिहिताना काय घडतं, पुन्हा वाचताना काय घडतं, आणि या दोन्हींत साधन कुठे फरक पाडतं.

१८ जुलै

लेखनगटात आज माझी पाळी नव्हती. वैद्यकशास्त्रातल्या एका सहाध्यायीनं पोर्टर आणि जिक यांच्या पत्राची गोष्ट सांगितली. ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते.

१९८० मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना किमान एकदा मादक वेदनाशामक (ओपिऑइड) दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, ज्यांना आधी व्यसनाचा इतिहास नव्हता अशा फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचे सगळे हवाले गोळा केले: ६०८. त्यांपैकी ७२ टक्के लेखांनी ते ‘ओपिऑइड औषधांनी व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. आणि जवळपास ८१ टक्के लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात शब्दही नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या व्यसनाच्या साथीला या हवाल्यांनी हातभार लावला असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे.

पत्र खोटं नव्हतं. त्यातली मर्यादा सांगणारे दोन-तीन शब्द प्रत्येक हवाल्यात गळत गेले. माझ्याही पहिल्या मसुद्यात ‘संकल्पनात्मक प्रश्नांत’ हे दोन शब्द गळले होते. माझ्या चुकीनं कुणाचा जीव जाणार नाही, पण गळण्याची रीत तीच होती.

तक्त्यात नवा रकाना घातला: ‘कोणती मर्यादा वाक्यात यायलाच हवी’.

२४ जुलै

दोन दिवस लिहिणं थांबवून स्वतःची टिपणं तपासली. मॅडमनी एक परिच्छेद मूळ लेखाशी फार जवळचा असल्याचं दाखवलं होतं. संदर्भ दिलेला होता, तरी वाक्याची ठेवण मूळची आणि बदलले होते फक्त शब्द. हे उसनं लिहिणंच झालं, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कारण टिपणवहीत सापडलं. मी लेखातली वाक्यं थेट उचलून टिपणात ठेवते, आणि तीन आठवड्यांनी ती मूळची की माझी हे मला कळत नाही. शब्दशः उतरवून घेण्याचे परिणाम या विषयावर प्रबंध लिहिते आहे, आणि माझी स्वतःची टिपणं शब्दशः.

नवी रीत: लेख बंद करायचा. पाच मिनिटं थांबायचं. न पाहता लिहायचं. मग उघडून फक्त आकडे आणि मर्यादा तपासायच्या. मूळ शब्द ठेवावेच लागले तर अवतरणचिन्हात, पृष्ठ क्रमांकासह, वेगळ्या शाईत. पहिल्या लेखाला दीड तास लागला. न पाहता जे लिहिता आलं नाही ते मला समजलेलंच नव्हतं, हे प्रत्येक वेळी खरं निघतं आहे.

२ ऑगस्ट

लिखाण वेगात. उलटा आराखडा करून पाहिला: लिहून झालेल्या प्रत्येक परिच्छेदाचा एका ओळीत सार समासात, मग फक्त समास वाचायचा. पाचव्या आणि सहाव्या परिच्छेदाचा सार एकच निघाला. नवव्याला सारच देता येईना, कारण त्यात तीन मुद्दे होते.

एक अडचण मात्र आराखड्यानं सुटली नाही. पुरावा आहे, विधान आहे, तरी वाचणाऱ्याला उडी वाटते. इथे स्टीफन टूलमिन यांची १९५८ ची मांडणी कामी आली. विधान आणि आधार यांच्यामध्ये एक पूल असतो: या आधारावरून हे विधान का निघतं ते सांगणारं गृहीतक. आपण ते बोलून दाखवत नाही. माझ्या तिसऱ्या भागात आधार होता ‘प्रयोगशाळेत अर्ध्या तासानं घेतलेली चाचणी’ आणि विधान होतं ‘सत्रभराचा अभ्यास’. मधला पूल लिहून काढला: “अर्ध्या तासानंतरचे आकलन हे सत्राअखेरच्या आकलनाचे विश्वासार्ह लक्षण आहे.” लिहिल्याबरोबर दिसलं की हे मला स्वतःलाच मान्य नाही.

विधान आखूड केलं. आणि इथेच माझ्या अभ्यासासाठीची मोकळी जागाही सापडली. स्वतःची टिपणं स्वतःच्या वेळेनं परत वाचणारे विद्यार्थी माझ्या तक्त्यात फार थोड्या ओळींत आहेत.

९ ऑगस्ट

गटात वाचन. माझ्या विषयाबाहेरच्या चौघांनी मसुदा वाचला. समाजशास्त्राच्या मैत्रिणीनं विचारलं, “ज्यांच्याकडे लॅपटॉप असतो आणि ज्यांच्याकडे नसतो, ते बाकी सगळ्यांत सारखे असतात का?” प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप करतात, तिथे हा प्रश्न सुटतो. वर्गातल्या निरीक्षणांत सुटत नाही. माझ्या आढाव्यात दोन्ही प्रकारचे अभ्यास शेजारी शेजारी, एकाच वजनानं बसले होते. तक्त्यात आणखी एक रकाना.

मेंदूच्या प्रतिमांवरचा भाग काढला. साडेआठशे शब्द, तीन आठवड्यांची मेहनत. चांगला लिहिला होता आणि माझ्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. वाईट वाटलं. वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे.

१४ ऑगस्ट

गटातल्या एकानं संगणकीय सहायकाकडून संदर्भांची यादी करून घेतली होती आणि ती मलाही दिली. सात संदर्भ शोधले, पाच मिळाले. उरलेल्या दोनांत नियतकालिक खरं, खंड खरा, पण त्या पानांवर दुसराच लेख. मिळालेल्यांपैकी एकाचा दिलेला सारांश बरोबर होता, फक्त ‘तात्काळ’ हा शब्द त्यात नव्हता. सगळ्यांपुढे ‘सां’ लिहून ठेवलं आणि मुळापासून वाचायला घेतले.

२० ऑगस्ट

प्रकरण मॅडमकडे गेलं. २८ पानांची २१ झाली. संदर्भ ५२ वरून ३८, सगळ्यांपुढे ‘मू’. ‘सिद्ध’ हा शब्द एकदाही नाही. ‘च’ पाच होते, शेवटच्या वाचनात आणखी एक गेला.

पहिलं वाक्य आता असं आहे:

“टिपणे हाताने काढावीत की लॅपटॉपवर, या प्रश्नाची उपलब्ध उत्तरे परस्परविरोधी दिसतात, टिपणे पुन्हा वाचण्याची संधी मिळाली होती का आणि चाचणी किती वेळाने घेतली, हे लक्षात घेऊन मांडल्यास त्यातील काही विरोध मावळतो, असे प्रतिपादन या प्रकरणात केले आहे.”

‘काही विरोध’ लिहिलं आहे. २०२१ चे आठ आणि २०२४ चे २४ यांतला फरक माझ्या दोन कप्प्यांनी पूर्ण सुटत नाही. तसं शेवटच्या भागात एका परिच्छेदात स्पष्ट लिहिलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन. “पहिलं पान वाचलं. या वेळी मला तुझ्याशी वाद घालता येईल.” मंगळवारी भेटायला बोलावलं आहे. येताना तक्ता घेऊन ये म्हणाल्या, आणि २०२४ च्या विश्लेषणात कोणते अभ्यास आत घेतले होते ती यादीही. तिच्यातले सात अभ्यास मी अजून मुळातून वाचलेले नाहीत. उद्या सकाळी त्यांतल्या पहिल्यापासून सुरुवात.